धुरी

सातव्या महिन्यात जन्मलेली नात चाळीस दिवस दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत काढून आज घरी येणार होती. तिच्या फुफ्फुसांना धूर सोसणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणून आक्कासाहेबांनी देवघरातली उदबत्तीसुद्धा विझवून बाळंतिणीची खोली दोनदा पुसून घेतली होती. तेवढ्यात धाकट्या जाऊबाई ओव्याच्या धुरीची धगधगती शेगडी घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या. “धुरीबिगर बाळ घरात घेत्यात व्हय, आक्का? तुमची चार पोरं हिच्यावरच शेकली की!” आक्कासाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी भरली कळशी शेगडीवर पालथी केली. राखेचा चिखल फरशीभर पसरला. “जगल्याली तेवढीच मोजतीस? पाच होती माझी! थोरली अशीच सातव्या महिन्यातली. तिला ह्याच धुरीवर मीच धरलीती.” कुणालाही हाक न मारता आक्कासाहेब खाली बसल्या आणि तिसऱ्यांदा फरशी स्वतःच पुसू लागल्या.