स्वयंपाकघरातल्या मावशी

बोईसरमध्ये भाड्याने घरं मिळवून देणारा सुजीत तो फ्लॅट सहसा कुणाला दाखवत नसे. तिथं राहून गेलेल्या दोन्ही कुटुंबांची तान्ही मुलं दगावली होती. पण कारखान्यात नुकताच लागलेला पुंजाराम आणि त्याची बायको रूपाली सकाळपासून उन्हात वणवण फिरत होती, आणि दाखवायला दुसरं काही उरलं नव्हतं.

पुंजाराम बाल्कनीत उभा राहून बाहेर बघत होता. तेवढ्यात स्वयंपाकघरातून रूपालीचं हसणं ऐकू आलं. सुजीत धावत आत गेला.

"कुणाशी बोलताय, वहिनी?"

"मावशींशी. आत्ता इथंच होत्या की!" मागोमाग आलेल्या नवऱ्याकडे बघून ती लाजली. "अहो, त्यांनी नुसतं बघून ओळखलं. मी तुम्हाला आज सांगणारच होते."

पुंजारामचा चेहरा उजळला. सुजीतची नजर मात्र खाली गेली. फरशीवर धुळीचा थर होता, आणि त्यात ओट्यापर्यंत गेलेली पावलं एकट्या रूपालीचीच होती.

"चला, खाली चला. ही जागा द्यायची नाय."

"मग दाखवली कशाला?" पुंजाराम चिडला.

दोघांना जवळजवळ ढकलतच सुजीतने बाहेर काढलं, कुलूप लावलं आणि खाली आणून रिक्षात बसवलं. तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

"वाईट वाटून घेऊ नका, भाऊ," रूपाली आतून म्हणाली. "मावशी म्हणाल्या, घर कुठलं का असेना."

मग ती नवऱ्याकडे सरकली, शेजारी जागा केली आणि कुणाला तरी चढायला हात दिला.

रिक्षा त्या बाजूला हळूच दबली.