रजा मंजूर

"रजेला मी नाही कधी म्हटलं?" श्रीनिवास सर म्हणाले आणि त्यांनी खुर्ची मागं सरकवली.

सुदर्शन टेबलापुढं उभाच होता. शेंद्र्याच्या या कारखान्यात तो संगणकावर चालणारं सीएनसी मशीन चालवायचा आणि वर्षातले काही आठवडे प्रादेशिक सेनेत जवान असायचा. आता त्याच्या पलटणीत नुसती रायफल चालवता येऊन भागणार नव्हतं. शत्रूचं ड्रोन हेरायचं, त्याचे सिग्नल तोडायचे, आपलं उडवायचं, हे सगळं शिकवणारा वर्ग निघाला होता. बाहेरच्या नोकरीत मशीनवर हात बसलेल्यांना आधी बोलावलं होतं. त्यात सुदर्शन होता.

सरांनी समजुतीच्या सुरात बरंच सांगितलं. मागच्या वर्षी बोलावणं आलं तेव्हा कंपनीनं सोडलं, परत आल्यावर गेटवर हार घातला, फोटो पेपरात दिला. पण आता लढाई कुठं चालू आहे? मग हे शिक्षण कशाला? त्यासाठी कायमची फौज आहे ना.

सुदर्शनची कानशिलं तापली. मागच्या वर्षी चौकीवर ड्रोन घरघरत आलं तेव्हा त्यानं आणि पलटणीतल्या बन्सीनं आभाळाकडं रायफली रिकाम्या केल्या होत्या. ड्रोनला ओरखडाही आला नाही. त्यानं टाकलेल्या बॉम्बनं बन्सीचा उजवा हात गेला. सर हार घालत होते तेव्हा त्यानं हे त्यांना सांगितलं होतं. सर तेव्हा फोटोग्राफरकडं बघत होते.

"लढाई सुरू झाल्यावर शिकायचं का, सर?"

"कायदा मला ठाऊक आहे. रजा मंजूर. नोकरीही राहील." सरांनी सही केली. "फक्त परत आलास की पॅकिंगमध्ये जायचं. मशीन सत्यमला देतोय. दर वेळी ते बंद ठेवणं मला परवडत नाही."

"ते मशीन बसवलं तवापासून मीच हाय त्याच्यावर."

"म्हणून तर पॅकिंग म्हणतोय. दुसरा असता तर गेटबाहेर असता."

सुदर्शननं कागद उचलला. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल, याची त्यालाच खात्री नव्हती. तरी दाराशी तो थांबला.

"सर, पुढच्या बारीला हार आणू नका. मी घालून घेनार नाय."

खाली सत्यम मशीनपाशी ओशाळून उभा होता. सुदर्शननं त्याला कुठलं टूल कधी बदलायचं ते दाखवलं. त्या पोरावर राग काढण्यात अर्थ नव्हता, आणि ज्याच्यावर काढायचा तो वर काचेआड फोनवर हसत होता.

करमाडला घरी आई, मनकर्णाबाई, त्याच्यासाठी भाकरी आणि ठेचा बांधत होती. संध्याकाळची गाडी धरायची होती.

"दिली का रं रजा?"

"दिली."

"काय खळखळ न करता?"

"व्हय."

"लई मोठ्या मनाचा मानूस," म्हणत तिनं देव्हाऱ्याकडं वळून सरांसाठी हात जोडले. "त्याचे उपकार इसरू नको, लेकरा."

सुदर्शन पायरीवर बसून बूट चढवत होता. त्यानं नाडी अशी करकचून ओढली, की ती तटकन तुटून त्याच्या मुठीत आली.