पदराचा इशारा

वस्तीतल्या मुलींचा सॉफ्टबॉल संघ करुणाताईंच्या मालकीचा. प्रेक्षकांत बसून त्या इशारा देत. पदर खांद्यावर असला की पळायचं, डोक्यावर घेतला की थांबायचं.

फायनलला एकच धाव हवी होती. उन्नती तिसऱ्या बेसवर होती; तिथून पळत शेवटचा बेस गाठला की धाव. समोरच्या क्लबचा माणूस मागून वाकला आणि ताईंच्या मांडीवरच्या बाळाचा गाल कुरवाळत म्हणाला, "गोड आहे वं लेकरू. वस्तीच्या पोरी कप नेतील काय इथून? तुझा इशारा ठाऊक आहे मले. घे पदर डोक्यावर."

ताईंनी पदर डोक्यावर घेतला. उन्नती तरीही पळाली. संघ जिंकला, आणि ती तशीच पायऱ्या चढून ताईंपाशी आली.

"पदर नाही दिसला काय वं तुले?" बाळाला छातीशी आवळून ताई रडकुंडीला आल्या.

"दिसला ना ताई. मागचा माणूसही दिसला. म्हणून तर साऱ्या पोरी बॅट घेऊनच वर येऊन राहिल्या."