अभिप्रायाची वही

ज्या घरात नामवंत लेखकांच्या तीन पिढ्या नांदल्या, ते खुलताबादजवळच्या खेड्यातलं, आता स्मारक केलेलं घर बघायला ते चालवणाऱ्या ट्रस्टचे विश्वजितसाहेब आले. सोबत मी कारकून, पिशवीत नवं कुलूप घेऊन. अभिप्रायाच्या वहीत वर्षभरात नोंदी तीनच. “कुणी येतच नाही, बंदच करू,” साहेब म्हणाले. घर सांभाळणाऱ्या नजमुन्निसाबी अडून बसल्या. “लई लोक येतात. पेन हातात घेतात अन् तसंच ठेवून जातात.” “असं कसं होईल?” बाईंनी दारातले साहेबांचे बूट उचलून कपाटात ठेवले, किल्ली कमरेला खोचली. “तुम्ही लिहा. मग बूट.” साहेब तणतणत बसले. एक शब्द लिहून खोडला, पेनाचं टोपण चावलं. पाव तासानं पुटपुटले, “एवढ्या मोठ्या लेखकांच्या घरात आपण काय लिहायचं?” “हेच लिहा, साहेब. सगळे हेच म्हणून जातात.” कुलूप पिशवीतच राहिलं. बूट सही झाल्यावरच मिळाले.