वगळलेले विधान

“ही तीन विधाने एकत्र नांदूच शकत नाहीत, बाई,” शर्वरी संगणकाकडे बोट दाखवत म्हणाली. “ही अळंबी निर्विष आहे. रुग्णालयात दाखल झालेल्या त्या कुटुंबाने नवे असे तेवढेच खाल्ले. आणि सगळ्यांना विषबाधा झाली. एक खोडावे लागेल.”

अळंबीकोशात नवे घेताना जुने काय वगळले ते नोंदवहीत सहीनिशी लिहायचे, हा दंडक कोशकर्त्या मनोरमाबाईंचाच. त्यांनी चष्म्यावरून संशयाने पाहिले. “दुसरे खोड. लोक शिळेपाके खातात आणि बोल माझ्या अळंबीला लावतात!”

“सगळे ताजे होते, बाई. आपल्या कोशात ‘निर्विष’ वाचूनच त्यांनी ती शिजवली. धाकटी लेक अजून शुद्धीवर नाही.”

बाईंनी कपाटातून चाळीस वर्षांपूर्वीची वही काढली. ‘निर्विष’ या विधानाला पुरावा एकच होता: बाईंनी स्वतः खाल्लेली अळंबी. खाली त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात होते, ‘पाठोपाठ उलट्या. ताक शिळे असावे.’

ती ओळ त्यांनी पुन्हा वाचली आणि वही शर्वरीपुढे सरकवली.

“अळंबी विषारी आहे, असे नोंदव. आत्ताच.”

“आणि वगळले काय म्हणून लिहू?”

“लिही, मनोरमाबाई चुकत नाहीत,” असे म्हणून त्यांनी सहीसाठी पेन मागितले.