हळदीचा अंगठा

मीराबाईनं पोरीची हनुवटी धरून तिचं तोंड दारातल्या उजेडाकडं वळवलं.

“पाहा काकू, पडजीभ पार खाली उतरली. कालपासून थुंकाबी गिळून नाही राहिली. अंगात ताप हाय. लावा लवकर अंगठा, सिलतऱ्याच्या कारखान्याची गाडी येऊन राहिली माझी.”

सहा वर्षांची दीपमाला आ वासून उभी होती. रडत नव्हती. गुढियारीच्या या पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, साऱ्या लेकरांना ठाऊक होतं, गळा दुखला की गोदावरीआजी हळद-मिठात अंगठा बुडवते, पडजीभ वर दाबते आणि दाबताना गाणं म्हणते. अंगठ्यानं ओकारी येते, गाण्यानं हसू.

गोदावरीनं सवयीनं वाटी जवळ ओढली, अंगठा बुडवला. बाहेर काढला, आणि हात तिथंच थांबला.

पडद्यामागं खाटेवर तिची नात पडून होती. नऊ वर्षांची भावना. तिचाही गळा असाच सुजला होता. याच अंगठ्यानं बसवला होता. मग एक गुडघा सुजला, तो उतरला तर दुसरा, मग मनगटं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. गळ्याच्या दुखण्यानं हृदयाची झडप धरली, म्हणाल्या. तेव्हाच औषध पडलं असतं तर, म्हणाल्या. आता दर तीन आठवड्यांनी सुई. किती वर्षं, ते त्यांनी लगेच सांगितलं नाही.

पाऱ्यात मात्र टायफाइड सांगितला होता. पोरीचं हृदय अधू आहे असं एकदा बाहेर पडलं, की उद्या तिला कोण करून घेणार? सून प्रेमलानं सासूचा हात भावनाच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली होती.

ती प्रेमला आता चुलीपाशी उभी होती. हाताला कणीक. डोळे सासूच्या अंगठ्यावर.

“आज नाही जमत,” गोदावरी म्हणाली. “अंगठा चिरला माझा.”

“मग डावा लावा.”

“आज अवस आहे.”

“मागच्या अवसेले लहानूच्या पोराची बसवली ना तुम्ही! काहून भाव खाऊन राहिल्या काकू? पाया पडू का?” मीराबाई हसली. गोदावरी हसली नाही, तशी तीही थांबली.

“डॉक्टरले दाखव, मीरा.”

“गळ्यासाठी डॉक्टर? लोक हसतील मले. नसन लावायचा तं तसं सांगा. अभनपुरले एक बाई हाय, तिचाबी अंगठा चालते म्हणते. रविवारी तिच्याकडं नेतो.”

रविवारी. गोदावरीनं पोरीच्या गळ्याला हात लावला. जबड्याखाली दोन्हीकडं गाठी आल्या होत्या, चिंचोक्याएवढ्या. भावनालाही आल्या होत्या.

“आजी, गाना बोलो ना!” पडद्यामागून भावनाचा आवाज आला. “भूल गई क्या?” आणि तिनंच सुरू केलं,

“ऊठ गं जिभली, बस तुझ्या जागी,
दुखणं उडू दे...”

पुढचं आलं नाही. नुसता श्वास ऐकू आला, जिना चढून आल्यासारखा. मग उरलेले शब्द, “...डोंगरामागी.”

गाणं ओळखून दीपमालानं तोंड आणखी उघडलं. जीभ बाहेर काढली. आत घसा लालभडक, त्यावर पांढरे ठिपके.

गोदावरीनं सुनेकडं पाहिलं. प्रेमलानं मान हलवली. सांगायचं नाही.

रेल्वेच्या यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळले. नाक्यावर सिलतऱ्याच्या गाडीनं हॉर्न दिला.

“काकू, गाडी आली! लावता का नाही?”

गोदावरीचा हात उठला. अंगठ्यावरून पिवळा थेंब ओघळून मनगटापर्यंत आला. अंगठा पोरीच्या ओठांशी गेला, दातांना टेकला.

“आई!”

प्रेमला इतक्या जोरानं ओरडली, की दीपमाला दचकून मागं सरली. प्रेमलानं कणकेच्याच हातानं मीराबाईचं मनगट पकडलं, तिला पडद्याआड ओढत नेलं आणि तिचा पंजा भावनाच्या फ्रॉकवर, डाव्या बाजूला दाबून धरला.

“काय करून राहिली प्रेमला? टायफाइडवाल्या पोरीले...”

“हात नको काढू.”

मीराबाईनं हात ठेवला. आधी तिला काही कळेना. मग तळहाताखाली धडधड लागली, घाईची, वेडीवाकडी. आणि प्रत्येक ठोक्यामागं एक घरघर, कोणी रिकामं जातं ओढत असल्यासारखी. भावना तिच्याकडं पाहून हसली. “मौसी, गुदगुल्या होतात.”

“फक्त गळा दुखला होता,” प्रेमला म्हणाली. “इचाबी. फक्त गळाच.”

हॉर्न पुन्हा वाजला. पुन्हा वाजला. मग गाडी निघून गेल्याचा आवाज आला. मीराबाईचा हात तिथंच होता.

“कोणत्या दवाखान्यात नेलं?” तिनं विचारलं.

“चल. मी येतो संगं.” प्रेमला चपला शोधू लागली. एक सापडली, दुसरी सापडेना. “पण मीराताई, पाऱ्यात...” कोणाला सांगू नको, एवढं मागणं तिच्यानं पुरं झालं नाही.

पडद्याबाहेर दीपमाला अजून आ वासून उभी होती. तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

गोदावरी तिच्यासमोर उकिडवी बसली. हळदीनं माखलेला अंगठा तिनं पोरीच्या हनुवटीखाली लावला आणि हलकेच तोंड मिटवलं.

“मीट बाई,” ती म्हणाली. “डॉक्टरपुढं उघडजो.”

दीपमालाच्या हनुवटीवर पिवळा ठसा उमटला.