नुसता वारा

“परत. सापासारखं. स्स्स,” तानाजी म्हणाले आणि त्यांनी आपला तळहात नातीच्या तोंडासमोर धरला.

चार वर्षांच्या सान्वीने कानांमागची ऐकण्याची गुलाबी मशीन्स चाचपली, दात जुळवले आणि जोर लावला. आजोबांच्या तळहाताला वारा लागला. आवाज काही आला नाही.

“असू दे,” तिच्या गुडघ्यावर थोपटत ते म्हणाले. “उद्या येईल.”

सान्वीने त्यांच्याकडे जरा संशयाने पाहिलं आणि आंबा खायला पळाली.

तानाजींची सून रुचिता कंपनीच्या ट्रेनिंगसाठी महिनाभर हैदराबादला गेली होती. वागळे इस्टेटमधल्या एका प्रयोगशाळेत ती केमिस्ट होती. परत आल्यावर तिथलं नवं यंत्र तिच्या हाताखाली येणार होतं. मुलगा बोटीवर. बालवाडीला मे महिन्याची सुट्टी. स्पीच थेरपिस्ट बाई नेमक्या बाळंतपणाच्या रजेवर. “तू बिनधास्त जा गं, मी आहे ना,” असं तानाजींनीच छातीठोकपणे सांगितलं होतं. जाताना तिने एकच काम त्यांच्यावर सोपवलं. सान्वीला बाकीचे आवाज येत होते, फक्त स राहिला होता. स्वतःचं नाव ती ‘आन्वी’ सांगायची.

रोज संध्याकाळी फोन यायचा.

“बाबा, आला का स?”

“नाही गं. ऐकू येतो तिला. आवाज ऐकला की डब्यात चिंचोका टाकायचा ना, तर मी तोंड झाकून म्हटला तरी बरोबर टाकते. पण स्वतः म्हणताना नुसता वारा.”

“आणि नाव?”

“आन्वीच.”

मग सान्वी स्क्रीनचे पापे घेऊन पळून जायची. फोनवरून स तसाही धड कळत नाही, हे रुचिताला ठाऊक होतं. त्यामुळे तिची सगळी भिस्त सासऱ्यांच्या कानांवर होती.

शेवटच्या आठवड्यात ती शांतपणे म्हणाली, “चूक माझीच आहे, बाबा. तिला आत्ता सोडून यायला नको होतं. आल्यावर सोमवारी राजीनामा देते. घरी बसून मीच घेईन तिचा सराव.”

“अगं, एका अक्षरापायी नोकरी सोडतेस होय?”

“आज एक अक्षर आहे. बालवाडी सुरू झाली की बाकीची मुलं पुढे निघून जातील आणि ही आन्वीच राहील.”

तानाजींच्या हातातला चहा गार झाला. उद्या सरळ ‘आला’ म्हणून ठोकून द्यावं, असंही एकदा मनात आलं. पण उभी हयात त्यांनी कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर काढली होती, धाडधाड पडणाऱ्या ठोक्यांच्या शेजारी उभं राहून, आणि मापात चुकलेला तुकडा कधी पुढे सरकवला नव्हता. नाही तर नाही.

त्यातून बाळकुमच्या त्या घरात सध्या एकही वस्तू धड चालत नव्हती. दाराची चिमणीची बेल बंद पडली होती. कुकर शिट्टीच द्यायचा नाही. “काका, खिचडी लागली!” असं समोरच्या शकूला येऊन दार बडवून सांगावं लागायचं.

“आजकालचा मालच असला,” तानाजी तिला सांगायचे. “नव्या कुकरला शिट्टी नाही, नव्या बेलला आवाज नाही. आमच्या वेळी असं नव्हतं.”

शकू काहीतरी बोलायला तोंड उघडायची आणि गॅस बंद करून निघून जायची.

शनिवारी सकाळी रुचिता दारात पोचली. तिने बेल दाबली. आत चिमणी झकास चिवचिवली. दार कुणी उघडलं नाही. पुन्हा दाबली. पुन्हा चिवचिव. शेवटी पर्समधली चावी काढून तिने स्वतःच दार उघडलं.

आत सराव रंगात आला होता. सतरंजीवर दोघं समोरासमोर बसलेली, मध्ये स्टीलचा डबा, बाजूला चिंचोक्यांचा ढीग. तोंड झाकायची जुनी लग्नपत्रिका आज सान्वीच्या हातात होती.

“आता माझी पाळी,” ती म्हणत होती. “तुम्ही टाका.”

“बरं बाई, म्हण.” तानाजींनी एक चिंचोका उचलला.

पत्रिकेआडून आवाज आला, “आ.”

चिंचोका डब्यात पडला. टण्ण.

“ऊ.”

टण्ण.

“म.”

टण्ण. तानाजी खुशीत हसले आणि त्यांनी पुढचा चिंचोका चिमटीत धरला.

“स्स्स.”

चिंचोका चिमटीतच राहिला.

“स्स्स्स्स,” पुन्हा आला. लांब, स्वच्छ, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा. दारात रुचिताच्या खांद्यावरची बॅग घसरून खाली आली.

तानाजी पत्रिकेकडे बघत वाट पाहत होते. “हं, म्हण की. थांबलीस का?”

सान्वीने पत्रिका खाली ठेवली. दारात आई दिसली, तरी ती धावत गेली नाही. हातातलं काम अर्धवट होतं. तिने फक्त मान वळवली.

“आई, आजोबांना स येत नाही.”

मग पुढे सरकून तिने त्यांच्या गुडघ्यावर हळूच थोपटलं.

“असू दे, आजोबा. उद्या येईल.”